काकूंचीं गाणीं आणि कृष्णेचें पाणी

आपल्या घरांतून लोणच्याची एकच बरणी घालण्याची रीत नाहीं. कैऱ्या आल्या कीं दोन बरण्या भरावयाच्या. एक हाताशीं ठेवावयाची आणि दुसरी दादरा बांधून माळ्यावर चढवावयाची, हें प्रत्येक सुगृहिणीस कोणीं न सांगतां ठाऊक असतें. जमिनीच्या कागदांची नक्कल आपण करून ठेवतों, पत्रिकेची ठेवतों, मुलांच्या दाखल्यांचीही ठेवतों. परंतु जिची नक्कल करण्यास जवळ जवळ कांहींच खर्च येत नाहीं आणि जी एकदां गेली असतां कोणत्याही बाजारांत पुन्हां मिळत नाहीं, अशी एक वस्तु अलीकडे घरोघर सांठूं लागली आहे; तिच्या बाबतींत मात्र आपली ही दूरदृष्टि कोठें जाते कोण जाणे. ती वस्तु म्हणजे घरच्या माणसाचा यंत्रांत सांठविलेला आवाज. आमच्या घराला हा धडा २०१९ च्या श्रावणांत मिळाला. ज्यांच्या घरीं अद्याप पाणी शिरलेलें नाहीं त्यांनीं तें शिरण्यापूर्वींच शहाणें व्हावें, एवढ्याचसाठीं ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें कुटुंब अर्धें सांगलीस आणि अर्धें साताऱ्यास. सांगलीचें घर गांवभागांत, जुनें, बिनमाडीचें. साताऱ्याचें घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, चढावर. कृष्णामाई दोघांचीही. साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला पोटांत घेऊन ती पुढें निघते आणि आमच्या सांगलीच्या दाराशीं येते. आमच्या काकू या माहेरच्या वाईच्या. लग्न होऊन सांगलीस आल्या, त्या साठांहून अधिक वर्षें त्याच घरांत राहिल्या. मंगळागौरीचीं गाणीं, डोहाळे, पाळणे, भूपाळ्या आणि घरांत दुसऱ्या कोणालाच पुरतीं न येणारीं कितीएक पदें त्यांना मुखोद्गत होतीं. कागदावर त्यांतलें एकही नव्हतें.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा ध्वनिमुद्रणाचें शिक्षण घेऊन पुण्याहून परत आला होता. ज्या सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल ज्या परिसरांतले, आणि जिच्या शेजारीं मिरजेस तंबोरे व सतारी पिढ्यान्‌पिढ्या घडविल्या जातात, त्या मुलखांतल्या मुलाला गाण्याचें वेड लागावें यांत नवल नाहीं. २०१८ च्या दिवाळींत त्यानें काकूंना माजघरांत पाटावर बसविलें आणि पुढें मायक्रोफोन उभा केला. काकूंनीं त्या यंत्राकडे संशयानें पाहून विचारलें, "ह्या दांडक्याला माझं ऐकूं येतं का रे?" तो म्हणाला, "काकूआजी, तुमचा श्वाससुद्धां ऐकूं येतो त्याला." पुढील चैत्रापर्यंत बसून त्यानें एकतीस गाणीं मुद्रित केलीं. मग प्रत्येकाला तंबोऱ्याचा सूर, पेटी आणि तबला जोडण्याचें काम त्यानें संगणकावर आरंभिलें. ज्येष्ठांत काकू गेल्या. श्रावणांत पाणी आलें.

आयर्विन पुलापाशीं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें आणि त्याची खूण आमच्या भिंतीवर होती. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी चढूं लागलें तेव्हां आम्हीं जें कांहीं उचललें तें त्या खुणेच्या दोन फूट वर ठेवलें, आणि निर्धास्त झालों. पुतण्याचा संगणक आणि त्याची नक्कल असलेली दुसरी डिस्क, दोन्ही कपाटाच्या माथ्यावर शेजारीं शेजारीं विराजमान झाल्या. देव, दस्तऐवज, दागिने आणि औषधें घेऊन आम्ही होडीनें बाहेर पडलों. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. सांगलीच्या जुन्या नगरवाचनालयाचीं हजारों पुस्तकें त्या पुरांत भिजून गेलीं. मग आमच्या कपाटाची काय कथा!

परत आलों तेव्हां घरभर चिखल होता. पुतण्यानें डिस्क धुतली, उन्हांत वाळविली आणि अधीरपणानें वीज लावून पाहिली. ही आणखी एक चूक झाली. ओल्या वा चिखलानें भरलेल्या डिस्कला वीज कधींही लावूं नये. आंतील तबकडी मिनिटाला हजारों वेळां फिरते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. मधें वाळूचा कण आला कीं तबकडी खरवडून निघते. जाणत्या माणसाकडे तशीच नेली असती तर कांहीं हातीं लागलें असतें, असें पुढें पुण्यास आम्हांला सांगण्यांत आलें. आमच्या डिस्कमधून कांहींच निघालें नाहीं.

वाचलीं तीं सात गाणीं, आणि तींही योगायोगानें. साताऱ्याच्या माझ्या पुतणीनें मंगळागौरीसाठीं आषाढांत तीं मागितलीं होतीं, म्हणून भावानें तयार मिश्रण करून तिला धाडलें होतें. तीं आम्ही पुन्हां पुन्हां ऐकलीं. परंतु त्यांत काकूंचा आवाज, पेटी, तबला हें सारें दुधांत साखर विरघळावी तसें एक झालेलें. तबला जरा मोठा झाला आहे, तो कमी करावा म्हटलें तर आतां उपाय नाहीं. शिवाय फाइल लहान व्हावी म्हणून ती दाबून पाठविलेली. त्या दाबण्यांत आवाजाचे जे बारकावे जातात ते परत येत नाहींत.

याहूनही मनाला लागणारी गोष्ट निराळीच होती. काकू कित्येक गाणीं दोन रीतींनीं म्हणत. एक वाईची, आईकडून आलेली, आणि एक सांगलीची, सासूबाईंकडून शिकलेली. चालींत थोडा फरक, शब्दांत थोडा फरक. गातां गातां त्या मधेंच थांबत आणि म्हणत, "थांब, हें आमच्या माहेरचं झालं." पुतण्यानें गाणें नीटनेटकें करतांना माहेरची रीत कापून टाकली, काकूंचें थांबणें कापलें, खोकला कापला, आणि प्रत्येक वेळीं त्याच फाइलवर 'सेव्ह' दाबलें. म्हणजे पूर आला नसता तरी वाईचे पाठ गेलेच होते. ते पाण्यानें नव्हे, आमच्याच हातानें गेले. आज त्या सात गाण्यांत सर्व कांहीं आहे, फक्त "थांब" म्हणणाऱ्या काकू नाहींत.

त्या रात्रीं मुलगा जेवला नाहीं. शेवटीं वहिनी त्याला म्हणाल्या, "अरे, दोन बरण्या भरल्यास हें बरं केलंस. पण दोन्ही एका फळीवर कोणी ठेवतं का? फळी कोसळली तर?" साऱ्या शास्त्राचें सार या एका वाक्यांत आहे, असें मला पुढें कळून आलें. मीं त्या विषयाची माहिती मिळविली. ती येथें सोपी करून सांगतों.

संगणकावर गाणें रचतांना जी 'प्रॉजेक्ट फाइल' तयार होते, तींत गाणें नसतें. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तींत असते फक्त यादी: अमुक आवाज अमुक ठिकाणचा, तो इतक्या सेकंदाला सुरू करावा, येथें कापावा, तेथें हळू करावा. लग्नाच्या घरांतील सामानाची यादी आणि कोठीघरांतलें सामान यांत जो भेद, तोच येथें. मूळ आवाज निराळ्या फाइलींत, बहुधा निराळ्या फोल्डरांत असतात. कित्येक मुलें केवळ यादी जपून ठेवतात आणि वर्षानें उघडून पाहतात तों कोठी रिकामी! म्हणून काम संपलें कीं सर्व सामग्री एकाच फोल्डरांत गोळा करून घ्यावी. 'एबलटन लाइव्ह' मध्यें याला 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' अशी आज्ञा आहे. 'रीपर' मध्यें फाइल जतन करतांनाच सर्व ध्वनि प्रकल्पाच्या फोल्डरांत उतरवून घेण्याची सोय आहे.

दुसरें असें कीं, पेटीचा किंवा तंबोऱ्याचा आवाज पुष्कळदां एखाद्या जोड-आज्ञावलीनें, म्हणजे 'प्लग-इन' नें, निर्माण केलेला असतो. दहा वर्षांनीं ती आज्ञावली नव्या संगणकावर चालेलच असें नाहीं. यासाठीं प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा आरंभापासून शेवटपर्यंत निराळा काढून, साध्या 'वेव्ह' फाइलींत ठेवावा. यांना 'स्टेम' म्हणतात. यंत्रें बदललीं, कंपन्या बुडाल्या, तरी या फाइली वाचतां येतील असा पुष्कळ भरंवसा बाळगतां येतो.

किती जागा लागते तेंही पाहूं. चांगल्या प्रतीच्या मुद्रणांत सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असें धरलें तर एका गळ्याला मिनिटास सुमारें ८.६ एमबी लागतात. पांच मिनिटांचें गाणें, चार वाद्यपट्ट्या, एकतीस गाणीं: हिशेब साडेपांच जीबीच्या आंतच येतो. प्रत्येक गाण्याचे दोन दोन पाठ ठेवले असते तरी अकरा जीबी. म्हणजे काकूंचें सारें भांडार बोटाएवढ्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावलें असतें, आणि तो पेनड्राइव्ह साताऱ्यास जाणाऱ्या कोणाच्याही खिशांत मावला असता! हा हिशेब मीं पुतण्याला दाखविला नाहीं. त्यानें तो आधींच केलेला होता.

नक्कल कशी ठेवावी याविषयीं '३-२-१' नांवाचा एक नियम आहे. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानें छायाचित्रांच्या संग्रहासंबंधीं लिहितांना तो रूढ केला. मूळ धरून तीन प्रती. दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतील एक प्रत परगांवीं. चोर, आग, पूर आणि वीज यांना घराचा उंबरठा ठाऊक असतो, परगांवचा पत्ता ठाऊक नसतो. इंटरनेटवरील साठा हाही परगांवच होय. परंतु एक सावधगिरी: संगणकावर जें होईल तेंच तत्काळ तिकडे उमटविणारी सोय म्हणजे नक्कल नव्हे, तो आरसा होय. इकडे चुकून फाइल पुसली तर तिकडेही पुसली जाते, आणि ठरावीक मुदत टळली कीं ती परतही मिळत नाहीं. आरसा फुटला असतां प्रतिबिंब उरत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न, आवृत्त्यांचा. जुन्या पेढीवरील कीर्द ज्यांनीं पाहिली असेल त्यांना हें समजण्यास कठीण नाहीं. कीर्दींत लिहिलेली रक्कम खोडून काढीत नसत; चूक झाली तर पुढील तारखेस उलट नोंद करीत. त्यामुळें कोणत्या दिवशीं काय स्थिति होती हें केव्हांही पाहतां येई. संगणकावर आज्ञावली लिहिणारे लोक हेंच करतात. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडांत जन्मलेल्या तंत्रज्ञानें २००५ सालीं 'गिट' नांवाची व्यवस्था निर्माण केली. ती प्रत्येक टप्प्याची नोंद, कोणीं, केव्हां आणि कशासाठीं बदल केला या टिपणासह, कायम राखते आणि मागच्या कोणत्याही दिवसाकडे परत जाऊं देते. मजकुराच्या फाइलींना ती उत्तम लागू पडते. 'रीपर' ची प्रॉजेक्ट फाइल साध्या मजकुराची असल्यामुळें तिची कीर्द अशी ठेवतां येते. ध्वनीच्या अवजड फाइलींचे बदल मात्र तिला ओळींओळींनीं दाखवितां येत नाहींत, आणि त्यांच्या नवनव्या प्रतींनीं वही फुगत जाते. त्यासाठीं अवजड फाइली बाजूला ठेवून वहींत केवळ त्यांचा निर्देश करणारी 'गिट एलएफएस' ही जोडव्यवस्था २०१५ पासून आहे.

ज्यांना हें अवघड वाटेल त्यांनीं साधा नियम पाळावा. फाइलीच्या नांवांत तारीख आणि क्रमांक घालावा. दर बैठकीस नवा क्रमांक द्यावा. जुन्यावर नवें कधींही लिहूं नये. आणि मूळ मुद्रणाला तर कात्री लावूंच नये. फाइलीला 'अंतिम' हें नांव देण्याचा मोह आवरावा. आमच्या मुलाच्या हातीं 'अंतिम', 'अंतिम नवें' आणि 'खरें अंतिम' अशा तीन फाइली एकाच गाण्याच्या होत्या, आणि त्यांतील शेवटची कोणती हें त्याचें त्यालाही सांगतां येईना.

हें सारें आजचें शास्त्र. परंतु त्यामागील बुद्धि आपल्याला परकी नाहीं. वेदाचा एकही वर्ण ढळूं नये म्हणून आपल्या पूर्वजांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ हे पाठप्रकार योजले. क्रमांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं सांधावयाचें; जटेंत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हां सुलट म्हणावयाची. एका ठिकाणीं चूक झाली तर दुसऱ्या पाठांत ती उघडी पडते. संगणकांतील 'चेकसम' हीच गोष्ट करतो: फाइलींतील सर्व बिटांवरून एक लहानशी संख्या काढून ठेवावयाची, पुढें एक बिट जरी बदलला तरी संख्या जुळत नाहीं आणि प्रत बिघडल्याचें कळतें. पाठांतर एका शिष्यापाशीं न ठेवतां अनेक गांवच्या अनेक घराण्यांत ठेवावयाचें, हा तर '३-२-१' चाच वडील बंधु.

आवृत्त्यांच्या बाबतींत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम तेथें १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं पुरें झालें. १,२५९ हस्तलिखितें ताडून पाहण्यांत आलीं. संपादकांनीं एक पाठ वर स्वीकारला. परंतु न स्वीकारलेले पाठ फेकून दिले नाहींत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. आपण निवड करावी, पण निवडीचा पुरावा नष्ट करूं नये, हा विद्वानांचा विवेक. तो आमच्या घरांत, वाईच्या एका बाईच्या गाण्याविषयीं, कोणालाच सुचला नाहीं.

संगीताच्या इतिहासांतही याची साक्ष आहे. मिरजेंत दीर्घकाळ राहिलेले आणि १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खांसाहेब मैफलींत एकेक राग किती वेळ आळवीत. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस मावे तें सुमारें तीन मिनिटांचें गाणें. आपल्याला उरलें तें तेवढें. त्या काळीं इलाज नव्हता, कारण यंत्राचीच तेवढी शक्ति. आज यंत्राची शक्ति अपार आहे आणि तरीही आम्हीं सात गाणीं ठेवलीं, हा दोष यंत्राला देतां येत नाहीं.

आमच्या घरीं आतां जी रीत पडली आहे ती सांगून लेख संपवितों. प्रत्येक एकादशीस पुतण्या आपल्या कामाची नवी प्रत दुसऱ्या डिस्कवर करतो. ती डिस्क उपासाच्या दिवशीं काढतात म्हणून घरांतलीं मुलें तिला 'एकादशीची डिस्क' म्हणतात. तिसरी प्रत साताऱ्यास असते. जो कोणी जातो तो नवी नेतो आणि जुनी आणतो. दसऱ्यास सरस्वतीपूजनांत पुस्तकांशेजारीं ती साताऱ्याची डिस्क मांडतात. परंतु केवळ हळदकुंकू वाहून थांबत नाहींत, ती उघडून त्यांतलें एखादें गाणें सर्वांनीं मिळून ऐकतात. कारण जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, ती आहे असें म्हणण्यास आधार नाहीं. २०२१ च्या जुलैंत कृष्णा पुन्हां ५० फुटांच्या वर गेली. आम्ही पुन्हां बाहेर पडलों. त्या वेळीं डिस्कचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं, आणि तो येण्याचें कारणही नव्हतें.

गेलेलें सारें मात्र परत आलें नाहीं. साताऱ्याची पुतणी, वाईच्या काकूंच्या भाची आणि आमच्या वहिनी यांनीं एकत्र बसून आठवून आठवून अकरा गाणीं पुन्हां म्हटलीं. जेथें दोघींचें जुळलें नाहीं तेथें दोन्ही पाठ घेतले, भांडणासकट घेतले, आणि पुतण्यानें त्यांतला एक शब्दही कापलेला नाहीं. सात काकूंच्या आवाजांत, अकरा इतरांच्या. उरलेल्या तेरांचीं नांवें तेवढीं आमच्या वहींत आहेत.

वाचकहो, आपल्याही घरीं कोणी वृद्ध माणूस गात असेल, कहाणी सांगत असेल, आणि एखादा मुलगा तें यंत्रांत भरून ठेवीत असेल. त्याला आज जेवतांना एवढेंच विचारा, दुसरी बरणी कोणत्या गांवीं आहे?